कांदोळीचे पाद्री आणि मनाच्या दुखण्याचे कारण

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या बाजूला, एक पुतळा आहे. लांब झगा घातलेला एक पुरुष दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडली आहे. गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ सालापासून तिथे उभा आहे. चवथीला पुण्या-मुंबईकडून, बेळगावाहून आमच्याकडे पाहुणे येतात. त्यांना पणजी दाखवायला नेले की त्यातला एखादा हमखास विचारतो, 'हा त्या बाईचा गळा दाबतोय की काय?' आम्ही सांगतो, 'छे हो, हे आपले आबे फारिया. संमोहनविद्येचे जनक.' एवढे सांगून आम्ही पुढे चालू लागतो.

पण फारियांनी नेमके काय सांगितले, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. जादूचे प्रयोग करणारा पाद्री, अशीच त्यांची ओळख उरली आहे. खरे तर मनाच्या विकारांचे कारण कुठे शोधायचे, या वादात कांदोळीच्या या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी एक पाऊल टाकले आणि पुढची सगळी वाट त्या पावलावरून गेली. ती वाट समजून घेण्यासाठी एका दुखण्याची गोष्ट सांगावी लागेल. त्या दुखण्याला आपल्या घरांत 'हिस्टेरिया' म्हणतात, 'झटके येतात' म्हणतात, 'बाहेरचे काही आहे' म्हणतात आणि रोगी समोर नसताना 'नाटक आहे सगळे' असेही म्हणतात.

मुलीची वाचा एकाएकी जाते. सुनेचा हात लुळा पडतो. कोणी दातखिळी बसून कोसळते. डॉक्टर तपासतात, रक्त पाहतात, मेंदूचा फोटो काढतात. सगळे रिपोर्ट चांगले येतात. मग घरात प्रश्न उभा राहतो: हे झाले कशाने? या प्रश्नाचे उत्तर नुसत्या कुतूहलाचे नसते. कारण ठरले की दोषी ठरतो आणि दोषी ठरला की रोग्याला कसे वागवायचे तेही ठरते. या दुखण्याचा इतिहास वाचताना आम्हाला हेच पानोपानी दिसले.

गर्भाशयापासून प्रज्ञापराधापर्यंत

'हिस्टेरिया' हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या नावावरून आला. हिपॉक्रेटिस यांच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रंथांत असे मानले आहे, की गर्भाशय जागा सोडून शरीरात भटकते, वर चढते, श्वास कोंडते आणि म्हणून बाईला झटके येतात. कुमारिकांच्या आजारांवर त्यात एक छोटा ग्रंथ आहे. त्यात उपाय सांगितला आहे तो असा: मुलीचे लवकर लग्न करून द्यावे, गर्भ राहिला की ती बरी होईल. ग्रीसमधल्या वैद्यांचा हा सल्ला आपल्या आजीच्या तोंडीही होता. 'लग्न झाले की सगळे ठीक होईल' हे वाक्य आजही किती घरांत ऐकू येते! सोयरीक जुळवताना दुखणे लपवायचे, लग्नानंतर ते उघड झाले की मुलीला माहेरी पाठवायचे, असा त्याचा पुढचा अध्याय असतो.

आपल्याकडे चरकसंहितेने उन्मादाचे पाच प्रकार मांडले: वातज, पित्तज, कफज, तिन्ही दोष एकत्र बिघडून होणारा सान्निपातिक आणि पाचवा आगंतू, म्हणजे बाहेरून येणारा. फेफरे, म्हणजे अपस्मार, वेगळा धरला. वर्गीकरण म्हणून ही मांडणी आजही विचार करायला लावते, कारण तिच्यात लक्षणांसोबत कारणांचाही हिशेब आहे. देव, गंधर्व, पिशाच यांची बाधा पाचव्या प्रकारात येते. पण तिथेच चरक असेही सांगतात, की ज्याने स्वतःहून आपले बिघडवले नाही त्याला देव किंवा पिशाच त्रास देत नाहीत. मूळ आहे ते माणसाच्या प्रज्ञापराधात, म्हणजे कळत असून चुकीचे वागण्यात. भुताला बाजूला सारणारा हा विचार धीट होता. मात्र त्याची एक बाजू अशी, की दोष भुताच्या डोक्यावरून उतरून रोग्याच्या डोक्यावर बसला. उपचारांत त्यांनी मंत्र-बळीचा दैवव्यपाश्रय मार्ग ठेवला, औषध-पथ्याचा युक्तिव्यपाश्रय मार्ग ठेवला आणि तिसरा सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहिताकडून वळवण्याचा मार्गही ठेवला. तीन वाटा एकत्र ठेवणारी ही दृष्टी पुढे फार उशिराने जगाला पुन्हा सापडली.

डॉक्टर मेस्मर आणि फ्रँकलिनच्या बागेतली झाडे

आता अठराव्या शतकाच्या शेवटच्या पॅरिसमध्ये जाऊ. व्हिएन्नाहून आलेले डॉक्टर फ्रान्झ अँटोन मेस्मर तिथे १७७८ पासून गाजत होते. विश्वात एक अदृश्य द्रव भरलेला आहे, तो शरीरात अडला की आजार होतो आणि आपण तो आपल्या हातांनी पुन्हा वाहता करू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. याला ते 'प्राणिज चुंबकत्व' म्हणत. एका मोठ्या लाकडी टबाभोवती रोगी बसत, टबातून निघालेल्या लोखंडी सळया दुखऱ्या भागाला लावत, आणि थोड्या वेळाने कोणी हसू लागे, कोणी रडू लागे, कोणाला झटके येत. त्यानंतर अनेकांना खरोखरच बरे वाटे.

१७८४ साली राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसला असलेले बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, आणि डॉक्टर गियोतँही होते, ज्यांचे नाव पुढे गिलोटिनला चिकटले. समितीने पॅसी येथे फ्रँकलिन यांच्या बागेत एक प्रयोग केला. मेस्मरच्या शिष्याने एक झाड 'भारून' ठेवले. एका बारा वर्षांच्या मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडाजवळ नेले. मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध होऊन पडला. पण भारलेले झाड ते नव्हतेच. समितीने निर्णय दिला: द्रव वगैरे काही नाही, हा सगळा कल्पनेचा परिणाम.

निर्णय बरोबर होता, पण त्याने गोष्ट अर्धीच संपवली. मुलगा ढोंग करत नव्हता. तो खरोखर कोसळला होता. नुसती कल्पना माणसाला जमिनीवर आडवी पाडू शकत असेल, तर ही केवढी मोठी शक्ती! तिचा अभ्यास नको का करायला? समितीने तो केला नाही. तो प्रश्न उचलला आपल्या गोव्याच्या माणसाने.

'कारण झोपणाऱ्याच्या आत आहे'

जुझे कुस्तोदिओ द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बारदेशातल्या कांदोळी गावी, आजोळी झाला. वडील कायतान व्हितोरिन कोलवाळचे. हे घराणे मूळचे सारस्वत. सोळाव्या शतकात धर्मांतर झालेल्या अनंत शेणवी यांचे वंशज. आईवडील पुढे वेगळे झाले. वडिलांनी पाद्रीपण घेतले, आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन वडील १७७१ मध्ये लिस्बनला पोचले. तिथून मुलगा रोमला गेला, धर्मशास्त्राचा डॉक्टर झाला, १७८० मध्ये त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट गोव्यात घरोघर सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला तरुण फारिया उभे राहिले आणि समोरचा दरबार पाहून त्यांची वाचा बसली. तेव्हा खाली बसलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत सांगितले, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी.' मुलाची भीती पळाली, प्रवचन धडाक्यात झाले. ही दंतकथा असेल. पण फारियांचे पुढचे सगळे तत्त्वज्ञान तिच्यात आहे. बसलेली वाचा औषधाशिवाय, मंत्राशिवाय, विश्वासातल्या माणसाच्या एका शब्दाने मोकळी होऊ शकते.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचा कट उघडकीस आला. त्याच्याशी वडिलांचे संबंध असल्याचा संशय आला, आणि १७८८ मध्ये फारिया पॅरिसला गेले. फ्रेंच राज्यक्रांतीचे दिवस त्यांनी तिथे पाहिले. मार्सेय आणि नीम येथे तत्त्वज्ञान शिकवले. मेस्मरच्या शिष्यांपैकी मार्की द प्युइसेग्युर यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. प्युइसेग्युर यांना असे आढळले होते, की झटके न येताही रोगी शांत झोपेसारख्या अवस्थेत जातो आणि त्या अवस्थेत बोलतो, उत्तरे देतो. पण तेही चुंबकत्वाच्या द्रवावर आणि मांत्रिकाच्या इच्छाशक्तीवर विश्वास ठेवूनच होते.

ऑगस्ट १८१३ मध्ये फारियांनी पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर जाहीर प्रयोग सुरू केले. त्यांची पद्धत अगदी साधी. समोरच्याला आरामात खुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचे, आणि तो शांत झाला की ठाम आवाजात म्हणायचे, 'झोपा!' टब नाही, सळया नाहीत, भारलेले पाणी नाही. ज्यांना अशी झोप लागे त्यांचा हात सांगितल्यावर जड होई, सांगितल्यावर वेदना जाई, पाण्याला दारूची चव येई.

फारियांचे म्हणणे असे: माझ्या हातातून काहीही वाहत नाही. माझ्याकडे कोणतीही शक्ती नाही. झोप लागते ती झोपणाऱ्याच्या आतल्या कारणाने. त्याची एकाग्रता, त्याचा विश्वास, त्याची घडण यांमुळे. म्हणूनच काहींना ती लागते, काहींना नाही. आणि हे सगळे निसर्गनियमाने घडते. यात सैतानाचा हात नाही. आता तो पुतळा आठवा. पाहणाऱ्याला वाटते, की त्या पुढे केलेल्या हातांतून काहीतरी निघून बाईला पाडत आहे. फारियांनी जन्मभर सांगितले ते नेमके याच्या उलट.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. ज्यांचे रक्त पातळ त्यांना अशी झोप लवकर लागते, असे ते मानत. त्याला आधार नव्हता. पण कारणाची जागा त्यांनी बदलली. भूत बाहेरचे, द्रवही बाहेरचा. फारियांनी बोट ठेवले माणसाच्या मनावर.

त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. धर्मगुरूंना त्यात सैतान दिसला, विद्वानांना भोंदूगिरी दिसली. एका नटाने झोप लागल्याचे सोंग करून त्यांना भर सभेत फसवले. १८१६ साली त्यांच्यावर विडंबन नाटक आले आणि पॅरिस हसले. हसण्याला कंटाळून त्यांनी प्रयोग बंद केले, एका छोट्या संस्थेत पाद्रीचे काम पत्करले आणि ग्रंथ लिहायला घेतला. 'जागृत निद्रेचे कारण' या अर्थाच्या नावाचा तो ग्रंथ १८१९ मध्ये आला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला झटका येऊन त्यांचे निधन झाले. मोंमार्त्रला त्यांना पुरले. थडगे आज सापडत नाही. पुढे अलेक्झांडर द्युमा यांनी 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' कादंबरीत फारिया नावाचा एक कैदी पाद्री रंगवला. त्याला तुरुंगातले पहारेकरी वेडा समजतात! खरा फारिया विसरला गेला, कादंबरीतला जगभर पोचला.

पॅरिस, नान्सी आणि व्हिएन्ना

फारियांच्या विचाराला वारस मिळायला पन्नासेक वर्षे लागली. मधल्या काळात मँचेस्टरचे डॉक्टर जेम्स ब्रेड यांनी १८४३ च्या आपल्या पुस्तकातून 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला; आणि त्याच दशकात बंगालमध्ये हुगळीला डॉ. जेम्स एस्डेल यांनी रोग्यांना मेस्मरच्या पद्धतीने झोपवून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या, तेही क्लोरोफॉर्म येण्यापूर्वी.

१८७०-८० च्या दशकांत पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात प्रख्यात मेंदुतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को हिस्टेरियाचा अभ्यास करत होते. त्यांचे मोठे उपकार हे, की त्यांनी हा आजार खरा मानला, ढोंग नाही. पुरुषांनाही तो होतो हेही त्यांनी दाखवले. गाडीच्या अपघातानंतर हात लुळा पडलेले धडधाकट मजूर त्यांच्या रोग्यांत होते. पण कारण मात्र त्यांनी मज्जासंस्थेच्या आनुवंशिक दोषात शोधले आणि संमोहन फक्त हिस्टेरिया असलेल्यांनाच होते असा सिद्धांत मांडला. म्हणजे दोष गर्भाशयातून निघाला तो कुळात गेला.

नान्सी शहरातल्या लिएबो आणि बर्नहाइम या दोन डॉक्टरांनी याला विरोध केला. संमोहन म्हणजे सूचनेचा परिणाम, आणि सूचनेला वश होणे हा साऱ्या माणसांचा स्वभाव आहे, असे त्यांनी म्हटले. या विचाराचे श्रेय बर्नहाइम यांनी फारियांना दिले. वादात नान्सीची बाजू खरी ठरली. १८९३ मध्ये शार्को गेले आणि त्यांच्या व्याख्यानांतून दिसणारे झटक्यांचे ते ठरीव टप्पे इस्पितळांतून झपाट्याने ओसरले. डॉक्टर जे पाहू इच्छितो ते रोगी नकळत दाखवतो, हा धडा वैद्यकाला तेव्हा मिळाला.

या दोन्ही ठिकाणी शिकलेला एक तरुण होता: सिग्मंड फ्रॉइड. १८८५-८६ च्या हिवाळ्यात ते शार्को यांच्याकडे होते, १८८९ मध्ये नान्सीला. १८९५ साली त्यांनी जोसेफ ब्रॉयर यांच्यासह हिस्टेरियावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. असह्य आठवण किंवा दुःख मनात दडपले जाते आणि शरीराच्या लक्षणाचे रूप घेऊन बाहेर येते, असा त्यांचा सिद्धांत. त्याच काळात फ्रान्सच्या प्येर जाने यांनी म्हटले, की आघाताने मनाची एकजूट सुटते आणि एखादा तुकडा वेगळाच चालू लागतो. ब्रॉयर यांची 'आना ओ.' म्हणून गाजलेली रुग्ण म्हणजे बेर्था पापेनहाइम. वडिलांच्या आजारपणात शुश्रूषा करता करता तिचा हात लुळा पडला होता, मातृभाषा बोलणे बंद झाले होते. बोलून मन मोकळे करण्याला 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनेच दिले. पुढे हीच बाई जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांच्या चळवळीची पुढारी झाली, १९०४ मध्ये तिने त्यांचा संघ स्थापला. 'हिस्टेरियाची रोगी' हा शिक्का लागला म्हणून आयुष्य संपत नाही, याचा एवढा सबळ दाखला दुसरा नसेल.

मग १९१४ चे महायुद्ध आले. खंदकांतून हजारो सैनिक मुके, आंधळे, लुळे होऊन परत येऊ लागले. शरीराला इजा नाही. १९१५ मध्ये डॉ. चार्ल्स मायर्स यांनी वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द वापरला. आता काय म्हणायचे? गर्भाशय नव्हते, नाजूकपणा नव्हता. धाडसी, पदके मिळवलेले पुरुष तेच दुखणे घेऊन आले होते. पळून जाता येत नाही आणि सहनही होत नाही, अशी कोंडी झाली की शरीर बोलू लागते, हे त्या खंदकांनी सिद्ध केले. सासरच्या चार भिंतींतली सून आणि खंदकातला शिपाई यांच्यातले साम्य ज्याने पाहिले, त्याला या दुखण्याचे मर्म कळले असे आम्ही म्हणू.

यादीतून एक नाव जाते

मनोविकारांची शिस्तशीर यादी करण्याचे काम जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी केले. कारण कळत नसेल तर निदान आजाराचा प्रवास पाहा, असे त्यांचे सूत्र. १८९९ च्या आवृत्तीत त्यांनी गंभीर विकारांचे दोन मोठे गट पाडले: एक दिवसेंदिवस खालावत जाणारा, दुसरा उन्माद आणि औदासीन्य यांच्या फेऱ्यांचा. पहिल्याला ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये 'स्किझोफ्रेनिया' हे नाव दिले. दुसऱ्याला आज आपण बायपोलर म्हणतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सूचीत मनोविकारांना प्रथमच स्वतंत्र प्रकरण मिळाले, आणि १९५२ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतःची सूची काढली. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत एक मोठा बदल झाला: जिथे कारणाविषयी एकमत नाही तिथे सिद्धांत बाजूला ठेवून फक्त लक्षणांवरून निदान करायचे. त्यात 'हिस्टेरिया' हे अडीच हजार वर्षांचे नाव गळाले. त्याच्या जागी शरीराच्या लक्षणांचा एक विकार आणि स्मृती-भान तुटण्याचे दुसरे विकार, अशी विभागणी झाली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने त्याला 'कार्यात्मक' मज्जाविकार असे जोडनाव दिले. म्हणजे मज्जातंतू तुटलेला नाही, पण त्याचे काम बिघडले आहे. भजनाची पेटी उघडून पाहावी तर भाता, पट्ट्या सगळे जागेवर, तरी सूर लागत नाही; तसे काहीसे.

नाव बदलले याने काय झाले, असे कोणी विचारील. बरेच काही झाले. १९६५ साली लंडनचे डॉ. एलियट स्लेटर यांनी हिस्टेरिया म्हणून निदान झालेल्या ८५ रोग्यांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांतल्या अनेकांना दुसराच शारीरिक आजार निघाला होता. 'काही सापडले नाही, म्हणून हिस्टेरिया' असे म्हणण्याचा तो परिणाम. आता डॉक्टर या विकाराची स्वतःची खूण शोधतात. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या डॉ. हूव्हर यांनी १९०८ मध्ये सांगितलेली तपासणी पाहा. लुळ्या पायाची टाच खाली दाबायला सांगितली तर रोग्याला ती दाबता येत नाही. पण चांगला पाय डॉक्टरांच्या हाताविरुद्ध वर उचलायला सांगितला की लुळी टाच आपसूक खाली दाबली जाते. पायात ताकद आहे, पण मुद्दाम हलवायला गेले की तिला वाट सापडत नाही. ही तपासणी रोग्याचे सोंग पकडण्यासाठी करत नाहीत. उलट हीच खूण रोग्याला दाखवून 'तुमचा पाय बरा होऊ शकतो' असा धीर देतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसले, की १९५० च्या दशकात असे निदान शंभरात सुमारे २९ वेळा चुकत होते. १९७० नंतर ते प्रमाण सुमारे ४ वर आले.

कारणांबद्दलही एकच एक उत्तर आता कोणी देत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेचे डॉ. जॉर्ज एंगल यांनी शरीर, मन आणि समाज या तिन्हींचा एकत्र विचार करायला सांगितले. कोणाची प्रकृतीच तशी असते, कशाने तरी ठिणगी पडते आणि आणखी कशाने तरी दुखणे टिकून राहते. तिन्ही वेगवेगळी असू शकतात. एकाच कारणाच्या मागे लागण्याचा धोका केवढा, याचे उदाहरणही फारियांच्या गोष्टीतच आहे. १९२५ मध्ये फारियांवर आदराने पुस्तक लिहिणारे पोर्तुगीज मेंदुतज्ज्ञ एगास मोनिझ यांनीच १९३५ मध्ये लिस्बनला मनोविकारांसाठी मेंदूचे तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. १९४९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जगभर हजारो रोगी त्या शस्त्रक्रियेने कायमचे मंद, निर्विकार झाले. नंतर औषधे आली आणि ती मागे पडली.

भार, घाडी आणि बांबोळी

आता आपल्या घराकडे वळू. डिचोली तालुक्यातल्या साळ गावी होळीनंतरच्या रात्री गडे पडतात. कित्येक देवळांत भार येतो, गाऱ्हाणे घातले जाते, कौल मिळतो. हे सगळे आजार म्हणायचे का? जागतिक सूचीचे उत्तर स्पष्ट आहे. २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या अकराव्या आवृत्तीत 'अंगात येणे' हा विकार म्हणून आहे. पण समाजाने मान्य केलेल्या धार्मिक विधीचा भाग म्हणून जे घडते ते त्यातून वगळले आहे. ठरल्या दिवशी, ठरल्या जागी येऊन जाणारा भार वेगळा. मंगळवारी स्वयंपाकघरात, गुरुवारी शाळेत, केव्हाही येणारा, आणि ज्याच्या येण्याने त्या माणसाचे जगणे अडते तो वेगळा. त्याला डॉक्टर हवा.

घाड्याकडे जाऊन काहींना बरे वाटते हे आम्ही नाकारत नाही. ते का वाटते, हे फारियांनी १८१९ मध्येच सांगितले आहे: गुण नारळात किंवा लिंबात नसतो, तो जाणाऱ्याच्या विश्वासात असतो. पण घाडी जेव्हा कारण म्हणून शेजारणीचे नाव घेतो, तेव्हा दोन घरे तुटतात. फेफऱ्याचा रोगी औषधाविना राहतो. आणि जिची कोंडी झाली आहे तिला 'तुला काय सहन होत नाही?' हे मात्र कोणीच विचारत नाही. कांदा हुंगवणे, चप्पल हुंगवणे, थोबाडीत मारणे हे उपचार नव्हेत. झटका आल्यास तिला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, भोवतालची गर्दी हटवा आणि पहिल्यांदाच आला असेल तर लगेच इस्पितळात न्या.

पणजीला आल्तिनवर जे मनोरुग्णांचे इस्पितळ होते त्याला फारियांचेच नाव होते. तीच परंपरा पुढे बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत आली. 'तुला बांबोळीला नेऊन टाकू' ही आपल्याकडची थट्टा आता थांबली तर बरे. तिच्यामुळे कितीजण दाराशी जाऊन परतले असतील. मदतीसाठी सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आहे, तिथे मराठीतही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने निदान मान्य वैद्यकीय निकषांवरच करायचे असे ठरवले आहे. आणि उपचाराशी थेट संबंध नसेल तर कोणालाही मनोरुग्ण म्हणून वर्गात टाकायचे नाही, असेही म्हटले आहे. सूची उपचारासाठी आहे, शिक्का मारण्यासाठी नाही, ही गोष्ट आता कायद्यानेच लिहून ठेवली आहे. आमच्या सोयरिकीच्या बैठकींत हे कलम वाचून दाखवावे असे आम्हाला वाटते.

चवथीच्या दिवसांत आमची घरे भरलेली असतात. माटोळी बांधायला, मोदक वळायला, आरतीला सगळे हात लागतात. अशा भरल्या घरात एखादी मुलगी, एखादा दीर, एखादी आत्या आतल्या खोलीत बसलेली असते. पाहुणे आहेत, काही होईल, म्हणून तिला बाहेर येऊ देत नाहीत. यंदा तिला बोलवा. टाळ तिच्या हाती द्या. आणि सण उरकला की तिच्याजवळ बसून, घाई न करता, काय होते ते तिलाच विचारा. कारण सापडायचे असेल तर पहिल्यांदा तिथेच सापडेल.